सदतीस गुणांची पोरगी

"हे पान पाहा, हे," म्हणत झाडे सरांनी प्लास्टिकच्या फाइलमधलं एक कात्रण थेट माझ्या नाकासमोर धरलं. "सदतीस गुण! आंतरविद्यापीठ फायनल! एकट्या पोरीनं सदतीस!"

मी बेंचवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. वर न पाहताच विचारलं, "अन् बाकीच्या चौघी काय करून राहिल्या होत्या सर? टाळ्या वाजवून राहिल्या होत्या?"

झाडे सरांना टोमणा कळला नाही. ते यवतमाळच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते आणि आपली लाडकी खेळाडू प्रणिता लोणारे हिला आमच्या खात्याच्या संघाच्या चाचणीसाठी नागपूरला घेऊन आले होते. सोबत तो अल्बम, प्राचार्यांचं शिफारसपत्र, गळ्यात मफलर आणि दोन किलो पेढे. पेढ्यांचा खोका माझ्या बॅगेशेजारीच ठेवलेला होता. निवड झाल्यावर वाटायला! पोरीनं अजून ट्रॅकसूटही उतरवला नव्हता आणि पेढे हजर.

ही शहाण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा आपल्याकडे बास्केटबॉल खेळून पोट भरायचं तर वाट एकच होती. एखाद्या मोठ्या खात्यात खेळाडू म्हणून चिकटायचं, सकाळी ऑफिसात सही करायची, दुपारनंतर कोर्टवर घाम गाळायचा आणि खात्याचं नाव छातीवर लावून गावोगाव खेळायचं. आमच्या खात्याचं नाव सांगत नाही. त्यांनी मला सांभाळलं, तेवढी लाज ठेवते. मी त्या संघाची गार्ड होते, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारी आणि समोरच्या संघाच्या सगळ्यात चलाख पोरीला धरून ठेवणारी. अकरा वर्षं तेच करत होते. वय बत्तीस झालं होतं, डावा गुडघा सुजायला लागला होता. त्या वर्षी महिला संघासाठी एकच जागा निघाली आणि ती नेमकी गार्डची.

याचा अर्थ काय ते भोयर सरांनी मला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. भोयर सर आमचे कोच. गोड बोलणं त्यांना जमत नसे.

"पोरगी लागली तं तू आवक-जावकले बस कुंदा. पूर्ण दिवस. यादीत बाराच नावं जातात, तुले माहीत हाये."

आवक-जावक म्हणजे आलेल्या पत्रावर नंबर टाकायचा आणि जाणाऱ्या पत्रावर नंबर टाकायचा. तिथे मी 'टेंभरे बाई' होते. कोर्टवर 'कुंदा' होते. पन्नास माणसांच्या ऑफिसात माझं पहिलं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि कोर्टवर ते जालंधरपासून चेन्नईपर्यंतच्या पोरींना माहीत होतं. मला ते सोडायचं नव्हतं.

आमच्याकडची रीतही माझ्या सोयीची होती. ज्या जागेवर भरती, त्या जागेवरच्या जुन्या खेळाडूनं नव्या पोरीला धरायचं. अर्ध्या कोर्टवर वीस मिनिटं, तीन विरुद्ध तीन. पंच नाही, शिट्टी नाही. भोयर सर खुर्ची टाकून बसणार आणि कागदावर रेघा ओढणार. जिची जागा जाणार तिनंच परीक्षा घ्यायची, यात काही चुकतंय असं कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मीसुद्धा अशीच चाचणी देऊन आत आले होते, आणि माझ्या आठवणीप्रमाणे दणक्यात आले होते.

प्रणिता आली. उंच, काटकुळी, लांब हातांची. डोक्याला पट्टा, दोन्ही मनगटांना पट्टे, पायात नवेकोरे बूट. कॉलेजच्या पोरींना पट्टे फार लागतात. तिनं भोयर सरांना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळली.

"राहू दे व," मी म्हटलं. "अजून खेळायचं हाये. मंग कर, करावासा वाटला तं."

ती हसली. हिला वाटलं, मी गंमत केली.

अशा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. कॉलेजात हिच्यासाठी चौघी धावणार, चेंडू आणून हिच्या हातात देणार, ही तो रिंगमध्ये टाकणार आणि दुसऱ्या दिवशी गावातला पेपर हिला 'विदर्भकन्या' म्हणणार. त्याच पेपरात शेजारी शेतकी मालाचे भाव असतात, ते कुणी कापून ठेवत नाही. मागे अकोल्याची एक आली होती. चाचणीच्या आधी तिनं आम्हाला विचारलं, "मला पास कोण देणार आहे?" आम्ही सगळ्या इतक्या हसलो की तिचे डोळे भरून आले. दुसरी एक चांगली तीन महिने टिकली, मग भिलाईच्या स्पर्धेत शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायची वेळ आली, तर तिला एकदम एम.ए. करायची आठवण झाली.

खेळ सुरू झाला. पहिलाच चेंडू प्रणितानं उजव्या बाजूला घेतला, एक पाऊल डावीकडे टाकल्यासारखं केलं आणि माझ्या बगलेतून निघून गेली. चेंडू आत. पोरगी वेगवान होती, ते मला तेव्हाही कळलं.

"दोन!" झाडे सर बेंचवरून ओरडले. "आता मोजत जा!"

मग मी कामाला लागले.

आमच्याकडे एक युक्ती होती. पोरगी उडी मारायला गुडघ्यात वाकली की तिचा डावा कोपर आपल्या काखेत घ्यायचा. हळूच, दाबून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की तीच आपल्याला बिलगली आहे. तिचा हात अडकतो, उडी अर्धवट राहते आणि चेंडू निसटतो. नियमात बसत नाही, पण खात्यांच्या स्पर्धांत ते रोजचं होतं. खेळून पगार घेणाऱ्या बायका एकमेकींना अशाच धरतात.

मी तिचा कोपर धरला. चेंडू तिच्या हातातून सुटून उसळत गेला. आणि प्रणिता लोणारे काय करते? हात वर करून उभी! शिट्टीची वाट पाहत!

तोवर आमच्यातल्या एकीनं चेंडू उचलला आणि बास्केट केली.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. ती वाकली, मी धरलं, चेंडू गेला, हिचा हात वर. या वेळी भोयर सरांकडे पाहून म्हणाली, "सर, फाउल!"

भोयर सरांनी कागदावर रेघ ओढली.

"अहो फाउलच आहे हा!" झाडे सर उठून उभे राहिले. "सरळसरळ हात धरला आहे!"

"प्राध्यापक," भोयर सर मान न वळवता म्हणाले, "तुमी पेढे सांभाळा. कुत्रं फिरून राहिलं तिकडं."

मी प्रणिताच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "शिट्टी यवतमाळलेच राहिली व तुझी. फोन करून मागवून घे."

तिचा चेहरा लाल झाला. मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू. सदतीस गुणांची पोरगी हात वर करकरून उभी राहत होती आणि आम्ही तिच्या शेजारून चेंडू नेत होतो. मधे एकदा मी तिच्या बुटावर पाय दिला. एकदा तिच्या बरगडीत कोपर लागला, तो चुकून लागला असं मी तेव्हा म्हटलं. हिच्या कॉलेजात पंच हिला ओळखत असणार, हात लागला की शिट्टी, आणि दोन फुकटचे नेम. तशा नेमांवरच यांचे सदतीस होतात. असा सगळा हिशेब मी मनातल्या मनात मांडत होते आणि खूश होत होते.

शेवटच्या चारपाच मिनिटांत तिनं हात वर करणं सोडून दिलं. चेंडू गेला तरी ती आता शिट्टी शोधत नव्हती, माझ्या खांद्याकडे पाहत होती. घाबरली, असा मी त्याचा अर्थ लावला.

वीस मिनिटं संपली. प्रणिताचे गुण चार.

झाडे सरांनी खोका उचलून मांडीवर घेतला. आता त्यांना कात्रणं दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

भोयर सरांची खोली कोर्टच्या कडेलाच होती. त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर प्रणिताचा छापील फॉर्म होता आणि तळाशी शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथे तीनपैकी एक शेरा लिहायचा असे: 'पात्र', 'पुन्हा पाहावे' किंवा 'अपात्र'. अपात्र लिहिलं की त्या खेळाडूला आमच्या खात्यात पुन्हा चाचणीला बोलावत नसत, कधीच. हा नियम आम्हाला माहीत होता. पोरींना कुणी सांगत नसे.

"चार गुण," भोयर सर पेनाचं टोपण काढत म्हणाले. "पण पाय चांगले हायेत तिचे. हात लांब हायेत. मी काही ठरवलं नाही. तू धरलं तिले, तूच सांग. होईल का ही?"

मी घाम पुसत होते. म्हटलं, "नाही होणार सर."

"काहून?"

"कॉलेजची हाये. शिट्टीशिवाय खेळता येत नाही तिले. दोन महिन्यांत रडत घरी जाईल."

"पुन्हा पाहावे लिहू?"

आत्ताच्या आत्ता मला तिथे उभं करून विचारलं तर मी काय म्हणेन ते माहीत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "कशाले? पुढच्या वर्षी पुन्हा हेच. आपला वेळ जाते."

त्यांनी 'अपात्र' लिहिलं. लिहिता लिहिता सहज बोलावं तसं म्हणाले, "तुझ्या वेळेले सुधानं बरोबर उलट सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"मी अपात्रच लिहीत होतो तुझ्यावर. दोन गुण होते तुझे, एकच बास्केट. सुधा म्हणे, 'घ्या सर हिले, शिकेल. मी बसते आवक-जावकले.' तुले माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. सुधाताई माझ्या आधीची गार्ड. मी संघात आल्यावर महिन्याभरात ती खेळणं सोडून टेबलावर बसली, तेव्हा मला वाटलं होतं की माझ्यापुढे तिचा निभाव लागला नाही. मी तसं लोकांना सांगतही होते. माझ्या आठवणीत मी त्या चाचणीत धो धो गुण केले होते. युनिव्हर्सिटीसाठी मीही एका सामन्यात एकतीस केलेले, माझंही कात्रण होतं, माझ्याही गावात बॅनर लागला होता. सुधाताईला मी रोज नंबर टाकायला पत्रं नेऊन देत होते आणि आत बसलेल्या त्या बाईची मला कीव येत होती.

"साहेबांची सही चार वाजता होईल," भोयर सर म्हणाले आणि फॉर्मवर काचेचं वजन ठेवून जेवायला गेले. जाताना त्यांनी बाहेर झाडे सरांना सांगितलं, "घरी पत्र येईल." झाडे सर खोका घेऊन ऑटो शोधायला फाटकाबाहेर गेले.

मी बेंचवर येऊन गुडघ्याला बर्फ लावत बसले. प्रणिता समोरून आली. डोक्याचा पट्टा काढून तिनं मुठीत धरला होता. आता तक्रार करणार, असं मला वाटलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही माझा हात कसा धरून राहिल्या होत्या? दाखवा न. मी शेवटी शेवटी तेच पाहत होते, पण निघायचं कसं ते समजलंच नाही."

माझी ही युक्ती मला एका पंजाबच्या बाईनं अंगावर शिकवली होती. दोन हंगाम तिनं मला काखेत धरून नाचवलं. मी पंचांकडे तक्रारी केल्या, बाथरूममध्ये जाऊन रडले, तिला मराठीतून शिव्या दिल्या. एकाच जेवणाच्या टेबलावर आम्ही बसायचो, तरी तिला जाऊन विचारावं असं मला सुचलं नाही. अकरा वर्षांत मी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

"उठा न ताई," बेंचखालचा चेंडू उचलत ती म्हणाली. "फक्त एकदा."

मी उठले. का उठले ते विचारू नका. अंगाला सवय असते, समोर कुणी चेंडू घेऊन उभं राहिलं की पाय आपोआप वाकतात. मी तिचा कोपर काखेत घेतला आणि सांगितलं, "आता निघ."

तिनं हात मागे ओढला. सगळ्याच ओढतात. जितकं ओढाल तितका जास्त अडकतो.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा तिनं थोडं ओढलं आणि मधेच थांबली. विचार करत होती.

तिसऱ्यांदा तिनं ओढलंच नाही. उलट माझ्या अंगावर आली, खांदा खाली केला, माझ्याच काखेखालून आत शिरली आणि मी गर्रकन फिरले. वळून पाहते तर ती रिंगखाली आणि चेंडू जाळीतून खाली पडत होता.

"असं?" तिनं विचारलं.

"असं," मी म्हटलं.

मला ते शोधायला दोन हंगाम लागले होते.

"अजून एकदा धरा न. जोरात धरा. मघाशी धरलं तसं."

मी जोरात धरलं. ती निघाली. पुन्हा धरलं, ती पुन्हा निघाली. पाचव्या वेळी माझा गुडघा वाकला आणि मी सिमेंटवर बसले. ती धावत आली, दोन्ही हात देऊन तिनं मला उठवलं.

"लागलं का? सॉरी ताई. मी जास्तच केलं." मग म्हणाली, "कॉलेजात मला कुणी चूक सांगतच नाही हो. झाडे सर तर सगळ्याला वा वा म्हणतात. तुम्ही किती चांगलं समजावून सांगता."

भोयर सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. काचेच्या वजनाखाली तो फॉर्म मला बेंचजवळून दिसत होता. साहेबांची सही व्हायला अडीच तास होते. भोयर सर जेवून आले की जाऊन एवढंच म्हणायचं होतं, सर, खोडा ते, 'पुन्हा पाहावे' लिहा. त्यांनी कारणही विचारलं नसतं. मला लाज वाटत होती, कान गरम होईपर्यंत वाटत होती. तरी माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की ही पुढच्या वर्षी आली तर मी टेबलावर.

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. झाडे सर हाका मारत होते. प्रणितानं बॅग खांद्याला लावली.

"यंदा माझं झालं नाही, मला कळलं ताई. पुढच्या वर्षी येते. तोपर्यंत हे घोटून ठेवते, दोन्ही बाजूंनी. येऊ न?"

मी म्हटलं, "ये."

ती पळत गेली. चार वाजता सही झाली आणि संध्याकाळी शिपाई तो फॉर्म फायलीत लावून आला.

त्या हंगामात मी सहा सामने खेळले. सहावा रायपूरला. तिथे एका अठरा वर्षांच्या पोरीनं मला असं काही फिरवलं की गुडघा जागेवरच राहिला आणि मी गेले. ऑक्टोबरमध्ये मला आवक-जावकला बसवलं. संघाला गार्डच उरली नाही म्हणून जानेवारीत तीच जागा पुन्हा निघाली. चाचणीचा दिवस मला माहीत होता. मी कोर्टकडे फिरकले नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावरचा वॉचमन उईके टपाल घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"काल थे मागच्या वर्षीची यवतमाळची पोट्टी आली होती न बाई," तो म्हणाला. "लंबी. पत्र आलं नव्हतं तिले, तशीच आली. मी यादी पाह्यली, नाव नाही. परत पाठवली."

"भांडली का?"

"नाही जी. घंटाभर उभी होती फाटकाशी. म्हणे, कुंदाताईनं ये म्हटलं हाये."

मी विचारलं, "मंग मले काहून नाही बोलावलं?"

"मी म्हटलं न तिले, बोलावतो म्हणून. तं म्हणे, नको काका, त्या आत खेळून राहिल्या असतील, त्यांचा सराव मोडू नका."